कॅननची १००-४००: एका पांढऱ्या लेन्सच्या तीन पिढ्या

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या खांद्यावर हमखास दिसणारी पांढरी लेन्स म्हणजे कॅननची १००-४००. हे आकडे तिच्या केंद्रांतराचे (फोकल लेंग्थ), मिमीमध्ये: आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं. पहिली आली १९९८ साली, दुसरी २०१४ च्या अखेरीस. २०२० मध्ये मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठी तिची जागा घ्यायला १००-५०० आली. या बावीस वर्षांत आतलं जवळपास सगळं बदललं, पण तोंडावर बसणारा फिल्टर तिन्हींना एकाच मापाचा लागतो: ७७ मिमी. या लेन्सच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट मला हीच वाटते.

त्यामागे साधा भागाकार आहे. एफ/५.६ म्हणजे केंद्रांतराला ५.६ ने भागून येईल तेवढ्या व्यासाची प्रकाशाची वाट. ४०० मिमीला ती साधारण ७१ मिमी होते, ७७ च्या फिल्टरमागे नीट मावते. ५०० मिमीला एफ/५.६ ठेवायचं तर ८९ मिमी लागले असते. काच मोठी, नळी जाड, वजन जास्त. नव्या लेन्सने ५०० ला एफ/७.१ पत्करलं. पुन्हा भागाकार करा, उत्तर ७० येतं. पल्ला वाढला, तोंड तेवढंच राहिलं. अर्थात हे फुकट मिळालेलं नाही. सेन्सरवर पडणारा प्रकाश एफ/५.६ च्या मानाने सुमारे ४० टक्क्यांनी घटतो, आणि ४०० मिमीलाही नवी लेन्स एफ/६.३ वरच असते. पहाटेच्या अंधूक उजेडात हा फरक जाणवतो.

मग ही तडजोड १९९८ मध्येच का केली नाही? अडचण कॅमेऱ्यात होती. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, ऑटोफोकसचा सेन्सर आरशाखाली, तळाशी असतो. लेन्सच्या दोन विरुद्ध बाजूंनी आलेल्या किरणांची तुलना करून तो अंतर ठरवतो. वाट एफ/५.६ पेक्षा अरुंद झाली की ते किरण त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस एफ/५.६ च्या पुढे बंद पडायचा. एफ/८ पर्यंत चालणारे कॅमेरे मोजके आणि महागडे. २०१३ मध्ये कॅननच्या ७०डी कॅमेऱ्यात हे काम मुख्य सेन्सरवर आलं: प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला, तुलना तिथल्या तिथे. मिररलेसमध्ये आरसाच गेला, तेव्हा ५.६ ची लक्ष्मणरेषाही पुसली गेली. एफ/७.१ ची टेलिफोटो त्यानंतरच व्यवहारात शक्य झाली.

काचांची गोष्टही तितकीच रंजक आहे. लांब पल्ल्याच्या लेन्सचा जुना शत्रू म्हणजे रंगांची फाटाफूट. निळा आणि लाल प्रकाश एकाच ठिकाणी एकवटत नाही, आणि बगळ्याच्या पांढऱ्या पंखाला जांभळी किनार दिसते. फ्लोराइटच्या स्फटिकात ही फाटाफूट फार कमी होते, पण निसर्गात भिंगाएवढे निर्दोष स्फटिक मिळणं कठीण. कॅननने ते कृत्रिमरीत्या वाढवले आणि १९६९ मध्ये ३०० मिमीच्या लेन्समध्ये वापरले. फ्लोराइट उष्णतेने काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतं. उन्हात लेन्स कमी तापावी म्हणून पांढरा रंग आला. १००-४०० च्या दोन्ही पिढ्यांत एकेक फ्लोराइट भिंग आहे. १००-५०० मध्ये मात्र ते नाही: एक सुपर यूडी आणि सहा यूडी, म्हणजे रंगांची फाटाफूट कमी करणाऱ्या खास काचांवर, काम भागवलंय. रंग पांढराच ठेवला.

दुसऱ्या पिढीत २१ भिंगं १६ गटांत बसवली आहेत, म्हणजे हवेला भिडणारे ३२ पृष्ठभाग. साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. बत्तीस वेळा असं झालं तर शेवटी जेमतेम पाव प्रकाश पोचेल, आणि उरलेल्यातला बराच आत भरकटून चित्र फिकं करेल. म्हणून लेपांना इतकं महत्त्व. याच लेन्समध्ये कॅननने हवेचे अतिसूक्ष्म गोळे असलेला लेप पहिल्यांदा वापरला.

आणि हाताचा कंप. लेन्समधले जायरो सेन्सर हालचाल टिपतात आणि भिंगांचा एक गट उलट दिशेला सरकवतात. पहिल्या पिढीत याचा फायदा दोन स्टॉपचा, दुसरीत चार, तिसरीत पाच. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं. ४०० मिमीला हातात धरून शटर १/४०० सेकंदाचं लागत असेल, तर दोन स्टॉपने १/१००, चारने १/२५. भिगवणला फ्लेमिंगो टिपताना होडीत ट्रायपॉडचा उपयोग नसतो, तिथे हीच यंत्रणा कामाला येते. उडणारा पक्षी मात्र तिने थांबत नाही. त्याला वेगवान शटरच हवं.

पहिल्या लेन्सचा झूम पुढे-मागे ढकलायचा होता. झेपावणाऱ्या घारीमागे तो झटकन सरके, म्हणून त्याचे चाहते आजही आहेत. आत धूळ ओढतो, हा त्याच्यावरचा नेहमीचा आरोप. पण लांबी बदलणारी कुठलीही झूम लेन्स हवा आत-बाहेर करतेच. दुसऱ्या पिढीपासून कडं फिरवायचा झूम आला आणि जवळात जवळ फोकस करण्याचं अंतर १.८ मीटरवरून ०.९८ मीटरवर आलं. फुलपाखरं टिपणाऱ्यांना सगळ्यात मोठा बदल हाच वाटला असणार.

तुमच्याकडे दुसरी पिढी असेल आणि मिररलेस कॅमेरा घेतला असेल, तर लेन्स बदलायची घाई करू नका. कॅननच्या अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा घटत नाही, आणि सेन्सरवरच्या ऑटोफोकसचा लाभ जुन्या लेन्सलाही मिळतो. ४०० मिमीला एफ/५.६ सुद्धा तिच्याकडेच आहे.