दात काढल्यानंतरची गुंतागुंत

दात किंवा दाढ काढल्यावर रक्त न थांबणे, ठणका, सूज, पू होणे आणि जखम वेळेत न भरणे या तक्रारींना मिळून ही संज्ञा वापरतात. बहुतेकांचा खड्डा विनातक्रार भरतो. हिरडी तीन-चार आठवड्यांत मिटत येते, आतले हाड भरायला मात्र ३ ते ६ महिने लागतात. सगळी भिस्त असते पहिल्या दिवशी खड्ड्यात साकळणाऱ्या रक्ताच्या गुठळीवर. ती हाड झाकते आणि नवी ऊती तिच्याच आधाराने वाढते.

ही गुठळी निसटली किंवा वेळेआधी विरघळली की हाड उघडे पडते. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये त्याचे वर्णन केले. नेहमीच्या दातांत हे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते, खालच्या रुतलेल्या अक्कलदाढेनंतर बरेच अधिक. ओळखायची खूण सोपी आहे. दुखणे कमी होत आलेले असते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अचानक उसळते, कळ कानापर्यंत जाते, तोंडाला वास येतो. हा मुळात जंतुसंसर्ग नसल्यामुळे मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ठणका जात नाही. दातांचे डॉक्टर खड्डा सलाइनने धुऊन त्यात युजेनॉलचे औषध भरतात. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. तरीही घरी खड्ड्यात लवंगेचे तेल ओतू नये, ऊती भाजते.

सोलापुरात या गुठळीला मोठा धोका तंबाखूचा. मिश्री, मावा, विडी यांची सवय शहरात जुनी आहे, आणि घरोघरी विड्या वळल्या जात असल्याने अनेक घरांत तंबाखू हाताशीच असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, मिश्री मात्र चुलीवर भाजून घरीच तयार होते. दाढ दुखते म्हणून मिश्री लावणारी बाई दाढ काढल्यावरही तीच लावते, कारण तिच्या लेखी ते औषध असते. पहिल्या दिवशी तिला नुसते ‘तंबाखू बंद’ सांगून भागत नाही, मिश्रीचे नाव घेऊनच सांगावे लागते. दुसरी अडचण ताटातली. कडक भाकरी जखमेला टोचते आणि शेंगा चटणीचा भरडा खड्ड्यात बसतो. आठवडाभर दूधभात, ताकभात, दुधात पूर्ण भिजवून कुस्करलेली भाकरी चालते.

पहिले २४ तास जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये. उन्हाळ्यात उसाचा रस प्यायचा झाला तर पेल्याने, सावकाश. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी तोंडात धरून हलकेच सोडावे. रक्त आले तर कापडी गॉजचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरावा, मधेच उघडून पाहू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे. त्या आपल्या मनाने बंद करणे दात काढण्यापेक्षा धोक्याचे ठरू शकते.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही समजूत पुष्कळांना उपचारापासून दूर ठेवते. तिला आधार नाही. वरच्या दाढांची मुळे वरच्या जबड्याच्या हाडातल्या, नाकाशी जोडलेल्या पोकळीला लागून असतात, त्यामुळे क्वचित तिथे भोक पडते आणि प्यायलेले पाणी नाकातून येते. खालच्या अक्कलदाढेजवळच्या नसेला धक्का बसला तर ओठ बधिर राहतो, बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो.

साखर ताब्यात नसेल तर जखम रेंगाळते. हाडे ठिसूळ झाल्याबद्दलची किंवा कर्करोगाची झोलेड्रोनिक ॲसिडसारखी इंजेक्शने घेतलेल्यांत, तसेच जबड्याला किरणोपचार झालेल्यांत हाड सडू शकते. ताप, गिळताना त्रास, जबड्याखाली पसरणारी सूज दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

सर्वांत चुकवू नये अशी गोष्ट म्हणजे तीन आठवड्यांनंतरही मिटायची चिन्हे नसलेला, कडा वर आलेला खड्डा. तंबाखू खाणाऱ्याचा दात हलतो म्हणून काढला जातो, आणि कधी कधी तो हलत असतो हिरडीतल्या कर्करोगामुळे. अशा जखमेवर औषधे बदलत बसण्याऐवजी तुकडा काढून तपासायला पाठवतात.