किस्सातेन : जपानी कॉफीगृहातील रीत आणि शिष्टाचार

किस्सातेन म्हणजे जपानमधील जुन्या धाटणीचे, टेबलावर आणून देणारे कॉफीगृह. कॉफी, चहा, टोस्ट, सँडविच आणि थोडेफार शिजवलेले पदार्थ येथे मिळतात. मद्य सहसा नसते. नवीन 'काफे' आणि साखळी दुकाने यांच्यापासून ते वेगळे मानले जाते, मात्र रोजच्या बोलण्यात या सीमा पुसटच आहेत.

जपानला पहिल्यांदा गेलेला माणूस येथे बहुधा भाषेमुळे बिचकतो. प्रत्यक्षात लागणारे शब्द मोजके असतात. खरी पंचाईत होते ती दुकानाचा प्रकार न ओळखल्याने. पैसे आधी द्यायचे की निघताना, जागा आपण धरायची की कोणी दाखवायची, रिकामा कप उचलायचा की तसाच ठेवायचा, हे सारे त्यावर ठरते. शिवाय येथे कपाच्या किमतीत बसण्याच्या जागेचे भाडेही धरलेले असते. हे ध्यानात ठेवले की बहुतेक नियमांचे कारण कळते.

पूर्वपीठिका

टोकियोच्या उएनो भागात तेई एइकेई यांनी १८८८ साली उघडलेले 'काहीचाकान' हे जपानमधील पहिले खरेखुरे कॉफीगृह मानले जाते. वर्तमानपत्रे, बिलियर्डचे टेबल, लिहिण्याची सोय असा सारा थाट तेथे होता. लोकांना कॉफीची सवय नव्हती, आणि काही वर्षांतच ते बंद पडले. कॉफी सामान्यांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय १९११ साली टोकियोच्या गिन्झा भागात सुरू झालेल्या 'काफे पाउलिस्ता'ला द्यावे लागते. त्याचे संस्थापक मिझुनो र्‍यू यांनी १९०८ मध्ये 'कासातो मारू' जहाजातून जपानी स्थलांतरितांची पहिली तुकडी ब्राझीलला नेली होती. त्या कामाच्या मोबदल्यात साओ पाउलो राज्याच्या सरकारने त्यांना कॉफीचे बी पुरवले. त्यामुळे विद्यार्थी आणि लेखक यांनाही परवडेल अशी कॉफी विकणे शक्य झाले.

पुढच्या काळात 'काफे' या नावाखाली मद्य आणि ग्राहकांना सोबत करणाऱ्या स्त्रिया असलेली दुकाने वाढली. आपले दुकान तसले नाही हे सांगण्यासाठी काही मालकांनी 'जुन-किस्सा', म्हणजे शुद्ध किस्सातेन, अशी पाटी लावली. ही पाटी आजही अनेक दारांवर दिसते. युद्धकाळात कॉफीची आयात थांबली आणि १९५० मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतरची तीस वर्षे किस्सातेनच्या भरभराटीची होती. १९८१ साली देशात दीड लाखाहून अधिक किस्सातेन होती. आज ती संख्या निम्म्याहूनही कमी आहे. १९८० मध्ये दोतोर कंपनीने टोकियोच्या हाराजुकु भागात १५० येनला कप द्यायला सुरुवात केली आणि १९९६ मध्ये स्टारबक्स गिन्झात आले. स्वतः कप उचलून नेण्याची पद्धत त्यानंतर सर्वत्र रुळली.

दारापासून गल्ल्यापर्यंत

पुष्कळ जुन्या किस्सातेनच्या दाराशी काचेचे कपाट असते आणि त्यात पदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती किमतीसह मांडलेल्या असतात. गिफू प्रांतातील गुजो हाचिमान हे गाव या प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध आहे. काय मागवायचे ते येथेच ठरवून आत जावे, म्हणजे जपानी लिपीतला मेनू समोर आल्यावर गोंधळ उडत नाही.

आत शिरताच 'इराश्शाइमासे' (या, या) अशी हाक येते. तिला उत्तर द्यावे लागत नाही. मान किंचित झुकवली तरी पुरे. 'नाम्मेइ-सामा देस का' म्हणजे किती जण, असे विचारले की तितकी बोटे दाखवावीत. 'ओसुकिना सेकी ए दोझो' म्हटले तर हवी ती जागा घ्यावी. तसे म्हटले नसेल तर दाखवतील तेथेच बसावे. एकट्याने आल्यास गर्दीच्या वेळी चौघांचे टेबल अडवू नये, काउंटरशी बसावे. पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवण्याआधी खाली पाहावे. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी टोपली ठेवलेली असते.

बसताच गार पाण्याचा पेला आणि ओला रुमाल, म्हणजे ओशिबोरी, येतो. दोन्ही फुकट. रुमाल हात पुसण्यासाठी असतो. त्याने तोंड-मान पुसणे बरे दिसत नाही. मागणी द्यायची झाली की हात थोडा वर करून 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणावे. टिचकी वाजवणे किंवा टेबलावर थाप मारणे उद्धटपणाचे समजतात. 'होत्तो हितोत्सु, ओनेगाइ शिमास' म्हटले की एक गरम कॉफी येते. 'होत्तो' म्हणजे बिनदुधाची, बिनसाखरेची गरम कॉफी, हे येथे गृहीतच असते. मेनूवर बोट ठेवून नुसते 'कोरे' (हे) म्हटले तरी कोणी वावगे मानत नाही. वेटर सगळी मागणी परत म्हणून दाखवतो. या वेळी लक्ष द्यावे, कारण चूक सुधारण्याची संधी हीच.

जेवणाबरोबर कॉफी मागवली तर ती कधी आणू, असा प्रश्न हमखास येतो. 'इश्शो नि' म्हणजे बरोबरच, 'शोकुगो नि' म्हणजे जेवण झाल्यावर. चहा मागवला तर दूध हवे की लिंबू, असे विचारतात. सगळे आणून झाल्यावर 'गो-युक्कुरी दोझो', म्हणजे सावकाश होऊ द्या, असे म्हणून वेटर बिलाचा कागद टेबलावर पालथा ठेवून जातो. बिल समोर आले म्हणजे आता उठा, असा याचा अर्थ मुळीच नाही.

निघताना तोच कागद उचलून गल्ल्यावर न्यायचा. कप-बशी टेबलावरच ठेवायची. पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. सुटे पैसेही बहुधा तेथेच परत मिळतात. टिप द्यायची नसते. टेबलावर नाणी ठेवून गेल्यास विसरलेले पैसे परत करायला कोणी मागून धावत येण्याची शक्यता जास्त. लहान दुकानांत कार्ड चालेलच असे नाही, म्हणून हजार येनच्या दोन-तीन नोटा जवळ असाव्यात. जाताना 'गोचिसोसामा देश्ता', म्हणजे खाण्यापिण्याबद्दल आभार, असे म्हणावे. या एका वाक्याने काउंटरमागच्या माणसाचा चेहरा खुलतो, आणि नवख्याने एकच जपानी वाक्य पाठ करायचे तर ते हेच करावे.

काय मागवावे

'बुरेंदो' हे दुकानाचे स्वतःचे मिश्रण असते आणि पहिल्या भेटीत तेच मागवणे उत्तम. 'अमेरिकन' ही त्याहून पातळ कॉफी. सायीचा थर दिलेली 'विन्ना', भरपूर दुधाची 'काफे ओरे', हिरव्या मेलन सोड्यावर आइस्क्रीमचा गोळा ठेवलेला क्रीम सोडा, हे ठरलेले प्रकार. ओसाकाकडे जुनी मंडळी थंड कॉफीला 'रेको' म्हणतात. दुधाळ, गोड कॉफीची सवय असलेल्याने 'काफे ओरे'च मागावी. साखर वेगळी मिळते, आणि थंड पेयासाठी पातळ पाक दिला जातो. क्योतोच्या इनोदा कॉफीत मात्र दूध-साखर आधीच घालून देण्याची परंपरा आहे. गप्पांत रमलेल्या ग्राहकाची कॉफी निवते आणि मग साखर विरघळत नाही, असे त्याचे कारण सांगतात. तेथे मागणी घेतानाच तसे विचारून घेतात.

गिन्झातील 'काफे दे ल्लांब्र' हे १९४८ पासून चालणारे दुकान फक्त कॉफीच देते. त्याचे संस्थापक सेकिगुची इचिरो २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून वारले. अशा दुकानांत फ्लॅनेलच्या पिशवीतून कॉफी गाळतात. केटलीच्या चोचीतून दोऱ्याएवढी बारीक धार पडते, पूड फुगून वर येते, हात थांबतो आणि पुन्हा धार सुरू होते. एका कपाला कित्येक मिनिटे लागतात. या वेळात 'अजून किती वेळ' असे विचारू नये आणि गाळणाऱ्याशी बोलूही नये.

शाकाहारी मराठी माणसाने थोडे जपून मागवावे. मिक्स सँडविचमध्ये बहुधा हॅम असते, 'नापोरितान' या केचपच्या स्पॅगेटीत हॅम किंवा सॉसेज, कॉफी जेलीत अनेकदा जिलेटिन, आणि 'पुरिन' या कस्टर्ड पुडिंगमध्ये अंडे. लोण्याचा टोस्ट आणि चीज टोस्ट ही त्यातल्या त्यात निर्धास्त निवड. घरचा डबा किंवा बाहेरून घेतलेली पाण्याची बाटली टेबलावर काढणे मात्र टाळावे. बाहेरचे आणून खाणे-पिणे जवळपास सर्वत्र मना आहे.

आइचीची सकाळ

नागोया शहर आणि आसपासच्या आइची प्रांतात सकाळी, बहुधा अकरापर्यंत, पेय मागवले की टोस्ट आणि उकडलेले अंडे त्याच किमतीत येते. याला 'मॉर्निंग' म्हणतात. उगमाचा मान अनेक गावे सांगतात. त्यात इचिनोमियाची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. हे विणकरांचे गाव. मागांच्या खडखडाटात बोलणे अशक्य, म्हणून कारखानदार व्यवहाराच्या गोष्टी किस्सातेनमध्ये बसून करत. रोज येणाऱ्या या गिऱ्हाइकांना मालकांनी कॉफीबरोबर अंडे आणि शेंगदाणे द्यायला सुरुवात केली. १९६८ मध्ये नागोयात सुरू झालेल्या कोमेदा साखळीने ही पद्धत देशभर पोचवली. नवखे लोक येथे टोस्ट वेगळा मागवतात आणि मग समोर दोन बशा येतात. अंड्याऐवजी काही ठिकाणी 'ओगुरा', म्हणजे अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे पुरणासारखे गोड सारण, निवडता येते. लोणी लावलेल्या जाड टोस्टवर ते विलक्षण चांगले लागते. नेहमीचे गिऱ्हाईक कॉफीच्या कुपनांची वही आगाऊ विकत घेते आणि ती दुकानातच भिंतीवर अडकवून ठेवते.

स्वतः नेण्याची दुकाने

येथे क्रम उलटा असतो. गर्दी असेल तर आधी जागा धरतात, खुर्चीवर रुमाल किंवा पुस्तक ठेवून रांगेत लागतात. 'तेन्नाइ' (येथेच) की 'मोचिकाएरी' (घेऊन जाणार), हे आधी विचारले जाते, कारण ऑक्टोबर २०१९ पासून बसून खाल्ल्यास १० टक्के आणि घेऊन गेल्यास ८ टक्के कर लागतो. 'नेणार' असे सांगून आत बसू नये. पैसे आधी द्यायचे, आणि शेवटी ट्रे परतीच्या फळीवर ठेवून कागद, उरलेले पेय आणि कप वेगवेगळे करायचे.

वेळ, शांतता, धूर

प्रत्येक माणसामागे एक मागणी हा नियम लहान दुकानांत कटाक्षाने पाळला जातो. तिघांनी दोन कप वाटून घेणे चालत नाही. गर्दीच्या वेळी दीड-दोन तासांची मर्यादा पाटीवर लिहिलेली असते. बराच वेळ बसायचे असेल तर दुसरा कप मागवावा. काही ठिकाणी तो कमी किमतीत मिळतो. फोन आला तर बाहेर जाऊन बोलावे. लॅपटॉप आणि विजेचा सॉकेट वापरण्याआधी विचारावे, आणि दुसऱ्या ग्राहकाचा चेहरा येईल असा फोटो काढू नये.

संगीताच्या किस्सातेनमध्ये नियम आणखी कडक असतात. परदेशी तबकड्या परवडत नव्हत्या तेव्हा रसिक एका कपावर तासन् तास जॅझ किंवा पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकत बसत. टोकियोच्या शिबुया भागातील 'लायन' हे १९२६ चे दुकान याच परंपरेतले. तेथे खुर्च्या भल्यामोठ्या ध्वनिवर्धकांकडे तोंड करून मांडलेल्या आहेत आणि बोलायला मनाई आहे. मागणीसुद्धा हलक्या आवाजात द्यावी. गप्पा मारायच्या असतील तर येथे जाऊच नये.

एप्रिल २०२० पासून अमलात आलेल्या कायद्याने बंदिस्त जागेत धूम्रपानाला बंदी आहे, पण आधीपासून चालू असलेल्या लहान दुकानांना अटींवर सूट मिळाली आहे. अशा दुकानांच्या दारावर तशी पाटी असते. जेथे धूम्रपान चालते तेथे वीस वर्षांखालील कोणालाही, कडेवरच्या बाळालासुद्धा, आत घेता येत नाही. म्हणून मुले बरोबर असताना दार उघडण्याआधी ती पाटी पाहावी.