तिकिटावरचा चेहरा

मॉरिशसमधल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशातला एखादा तरुण चित्रकार घराण्याचा माग काढू लागला, की त्याच्या हाती बहुधा खापरपणजोबांचा छोटासा पिवळट फोटो येतो. तो कॅनव्हासवर चढवण्याआधी मुळात का काढला गेला, हे कळायलाच हवे. त्यात हौसेचा भाग मुळीच नव्हता.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजाने ३६ भारतीय मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात आणले. पुढे सुमारे साडेचार लाख लोक उसाच्या मळ्यांवर आले. मराठी माणसे मुंबई बंदरातून गेली, त्यांत कोकणातले पुष्कळ. बेटावर उतरताच प्रत्येकाला एक क्रमांक मिळे.

१८६७ च्या कायद्याने करार संपलेल्यांनाही फोटोचे तिकीट, म्हणजे ओळखपत्र, आणि पोलिसांचा पास जवळ बाळगणे सक्तीचे झाले. नसेल तर भटका म्हणून अटक. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ जणांचा अर्ज गेला, तो आदोल्फ द प्लेव्हित्झ या युरोपीय वंशाच्या मळेवाल्याच्या पुढाकाराने. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शाही आयोग चौकशीला आला. खापरपणजोबांची ती ताठ नजर या काळातली आहे. तिला 'करारी बाणा' म्हणून रंगवणे मला चुकीचे वाटते.

आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथे नावावरून शोध सहसा फसतो, कारण कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिले. रत्नागिरीचे 'रत्नाघेरी' झाले. क्रमांकच खरी किल्ली. बेटावर जन्मलेल्यांना तो नसे, म्हणून आपल्यापासून मागे एकेक पिढीचे जन्म-विवाहाचे दाखले जमवत पहिल्या उतरलेल्या माणसापर्यंत जावे लागते.

फोटोची प्रत घेतानाही घाई नको. त्या काळी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर छपाई होई. तो थर पिवळा पडतो आणि कपाळ, सदरा असे उजळ भाग आधी विरतात. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले तर डाग आणि शाई यांतला फरकच पुसला जातो. रंगीतच करावे, किमान १२०० डीपीआयवर.

आडनाव घेऊन कोकणात गाव शोधायला जाऊ नये. आलेल्या माणसाचे एकेरी नावच बहुतेक घरांत पुढे आडनाव झाले. नोंदवहीतला जिल्हा आणि गाव मोठ्याने वाचून पाहावे. कारकुनाने जे ऐकले असेल ते मराठी कानाला लवकर ओळखू येते.