ओआरएममध्ये डेटाबेसची स्वतःची फंक्शन्स आली कशी

डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल, तिचं स्टँडर्ड 1986 पासून आहे, पण तारखेतून नुसता महिना हवा म्हटलं की जो तो डेटाबेस आपल्याच वाटेनं जातो. मायएसक्यूएलला डेट_फॉरमॅट लागतं, पोस्टग्रेस आणि ओरॅकलला टू_चार, एसक्यूलाइटला एसटीआरएफटाइम. त्यात दोन स्ट्रिंग जोडायच्या स्टँडर्डमधल्या दोन उभ्या रेघा मायएसक्यूएल बाय डिफॉल्ट 'किंवा' म्हणून वाचतं, म्हणजे भलतंच उत्तर मिळतं. ओआरएम म्हणजे आपल्या कोडवरून एसक्यूएल बनवून देणारी लायब्ररी, आणि ओआरएमवाल्यांचं म्हणणं, कोड एकदा लिहा आणि डेटाबेस कुठलाही लावा, ते अडकलं इथंच.

2001 ला गॅविन किंगनं सुरू केलेल्या हायबरनेट या जावाच्या ओआरएमनं प्रत्येक डेटाबेससाठी डायलेक्ट नावाचा वेगळा क्लास ठेवला, त्यात फंक्शन रजिस्टर करायचं. जावाच्या ओआरएमसाठी असलेल्या जेपीए स्टँडर्डमध्ये मात्र थेट नाव देऊन डेटाबेसचं फंक्शन बोलवायची सोय 2.1 व्हर्जनला, 2013 मध्ये आली.

एसक्यूएलअल्केमी या पायथनच्या ओआरएमनं (2006) मला वाटतं सगळ्यात शहाणपणाचा रस्ता धरला, फंक लिहा, टिंब द्या, पुढे हवं ते नाव लिहा, ते तसंच एसक्यूएलमध्ये उतरतं आणि असं फंक्शन आहे की नाही ते डेटाबेस बघून घेतो.

जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क 2005 ला बाहेर आलं आणि त्याच्या ओआरएममध्ये बरीच वर्षं एक्स्ट्रा हीच पळवाट होती, म्हणजे एसक्यूएलचा तुकडा स्ट्रिंग म्हणून कोंबायचा. त्या तुकड्यात काय आहे ते ओआरएमला कळत नाही, जॉइन (टेबलं एकमेकांना जोडणं) वाढले की कॉलमच्या नावांचा घोळ, आणि युजरचं इनपुट चुकून त्यात गेलं तर इंजेक्शनला, म्हणजे बाहेरच्यानं आपलं एसक्यूएल घुसवायला, दार उघडं. 2014 ला 1.7 मध्ये स्वतःचे लुकअप, म्हणजे फिल्टरच्या अटी, लिहिता यायला लागले, आणि खरा बदल झाला एप्रिल 2015 च्या 1.8 मध्ये, फंक हा क्लास आला. त्यावरून आपला क्लास बनवायचा, फंक्शनचं नाव द्यायचं, आणि मायएसक्यूएलवर वेगळं एसक्यूएल हवं असेल तर त्याच क्लासमध्ये अ‍ॅज_मायएसक्यूएल मेथड लिहायची, कनेक्शन बघून जँगो तीच उचलतं. मग ते फिल्टरमध्ये घाला, ऑर्डरमध्ये घाला, सगळीकडे चालतं, हे एक्स्ट्राला कधी नीट जमलंच नाही!

त्याच 1.8 मध्ये पोस्टग्रेससाठी वेगळं मॉड्यूल आलं, त्यासाठी मार्क टॅमलिननं किकस्टार्टरवर पैसे उभे केले होते. जेसन डेटा ठेवायचं जेसनफील्ड आधी 1.9 मध्ये याच मॉड्यूलमध्ये आलं, फक्त पोस्टग्रेसपुरतं, आणि 2020 च्या 3.1 मध्ये सगळ्या डेटाबेसांसाठी खुलं झालं. याद्या ठेवायचं अ‍ॅरेफील्ड मात्र अजून पोस्टग्रेसच्या मॉड्यूलमध्येच आहे.