तपासणीची मुदत कोणी ठरवायची? तेल-वायू प्रकल्पांतल्या यंत्रसुस्थितीची पार्श्वभूमी

रिफायनरीतल्या एखाद्या व्हेसलचे (दाबाखाली चालणाऱ्या बंद पात्राचे) मॅनहोल, म्हणजे आत शिरायचे झाकण, शेवटचे केव्हा उघडले, हे नोंदवहीत सापडते. ते पुन्हा केव्हा उघडायचे आणि हे कशाच्या आधारावर ठरवायचे, यावर मात्र गेली तीस वर्षे खल चालू आहे. प्रोसेस सेफ्टीच्या, म्हणजे अशा प्रकल्पांतले स्फोट, आगी आणि गळती टाळण्याच्या शास्त्राच्या, इतिहासाची मांडणी बहुधा मोठे स्फोट, चौकशी अहवाल आणि त्यापाठोपाठ आलेले कायदे या क्रमाने होते. त्या जंत्रीत तपासणीच्या मुदतीचा वाद मागे पडतो. माझ्या मते आजच्या नियमांचा खरा कस तिथेच लागतो.

सुरुवात बॉयलरपासून झाली. १९०५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉकटन इथे बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून ५८ माणसे गेली. दहा वर्षांनी बॉयलर बांधणीची संहिता छापून आली. ती नवे यंत्र कसे बांधायचे ते सांगत होती. वीस वर्षे चाललेल्या यंत्राचे काय करायचे, याबद्दल तेल उद्योगाची स्वतःची संहिता यायला १९५८ उजाडले. त्यातून रुजलेला नियम आजही वापरात आहे: उरलेल्या आयुष्याच्या निम्म्या काळात किंवा दहा वर्षांत, जे आधी येईल तेव्हा, व्हेसल आतून बघायचे. भिंत १२ मिलिमीटर, किमान लागणारी जाडी ८ मिलिमीटर आणि झीज वर्षाला ०.२ मिलिमीटर असेल, तर उरलेले आयुष्य वीस वर्षे आणि पुढची तपासणी दहा वर्षांच्या आत. हिशेब सोपा आहे. त्यामागे असे धरलेले आहे, की धातू हळूहळू, सगळीकडे सारखा आणि आजवरच्याच वेगाने झिजेल. चालू प्लँटमधला धातू इतका शहाण्यासारखा वागत नाही.

पुढच्या काही दशकांतले अपघात सर्वांना माहीत आहेत, म्हणून त्यांतले मुद्द्याचे तेवढेच सांगतो. १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथे तडा गेलेला रिॲक्टर काढून त्याच्या जागी तात्पुरता बायपास पाइप टाकला होता. त्याचे ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेली आकृती. २८ जण गेले आणि ‘बदलाचे व्यवस्थापन’ (कोणताही बदल करण्याआधी तो तपासून मंजूर करणे) ही कल्पना नियमांत शिरली. १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायू जाळून टाकणारा फ्लेअर बंद होता, कारण त्याच्या लाइनमधला गंजलेला तुकडा बदलण्यासाठी काढून ठेवलेला होता. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले जाते, पण देखभालीच्या यादीत पडून राहिलेल्या या कामाचा उल्लेख ओझरताच येतो. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर ज्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढलेला होता, तो पंप दुसऱ्या पाळीने चालू केला. व्हॉल्व्हच्या जागी लावलेला ब्लाइंड फ्लँज (पाइपचे तोंड बंद करणारी तबकडी) गळला आणि १६७ माणसे मेली. व्हॉल्व्हच्या कामाचे परमिट (लेखी परवाना) आणि पंपाच्या कामाचे परमिट वेगवेगळे होते, ते एकमेकांशी कोणी ताडून पाहिले नव्हते.

या सगळ्यातून १९९२ च्या सुमारास दोन वाटा फुटल्या. उत्तर समुद्राच्या ब्रिटिश बाजूला नियामकाने कंपनीलाच सांगितले, की तुमचा प्लॅटफॉर्म सुरक्षित कसा, हे तुम्ही लेखी सिद्ध करा. अमेरिकेत चौदा घटकांचा नियम आला आणि ‘यांत्रिक सुस्थिती’ हा त्यांतला एक घटक. व्हेसल, टाक्या, पाइपिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, आपत्कालीन शटडाउन, अलार्म, पंप हे सगळे त्यात येते. पण तपासणी किती वर्षांनी, याचा आकडा त्यात नाही. उत्पादकाच्या शिफारशीनुसार, चांगल्या अभियांत्रिकी प्रथेनुसार आणि अनुभव सांगेल तर त्याहून लवकर, एवढेच म्हटले आहे. चांगली प्रथा कोणती, हे ठरवायला पुन्हा उद्योगाच्याच संहितांकडे जायचे. कायद्याने मोकळी सोडलेली ही जागा पुढे वादाचे मूळ ठरली.

१९९३ मध्ये काही तेल कंपन्यांनी मिळून त्या जागेसाठी नवी पद्धत आखायला घेतली. मार्गदर्शक दस्तऐवज २०००  आणि २००२ मध्ये बाहेर आले. म्हणणे असे: कॅलेंडर सगळ्या यंत्रांना एकाच मापाने मोजते, पण जोखमीचा मोठा वाटा थोड्याच यंत्रांत साठलेला असतो. बिघाड होण्याची शक्यता आणि झाल्यास होणारे नुकसान यांचा गुणाकार करा, यंत्रांची उतरंड लावा, वरच्यांकडे जास्त लक्ष द्या, खालच्यांना उगाच उघडू नका. यात तथ्य आहे. व्हेसल उघडणे हे स्वतःच धोक्याचे काम असते. प्लँट थंड करा, रिकामा करा, माणूस आत पाठवा, मग पुन्हा गरम करा. बरेच अपघात चालू-बंदच्या याच काळात होतात. शिवाय जुन्या पद्धतीत निरुपद्रवी पाण्याच्या लाइनवर जाडीची शेकडो मापे घेतली जायची आणि जिथे घ्यायला हवी तिथे एकही नसायचे.

विरोधकांचे म्हणणेही तितकेच सरळ होते. शटडाउन लांबला की दिवसागणिक पैसा जातो. त्यामुळे जोखमीचा हिशेब मुदत वाढवायची सबब म्हणून वापरला जाईल आणि मुदत कमी करायला सांगणारा हिशेब कोणी मागणार नाही, अशी त्यांना भीती होती. हा आरोप सरसकट खरा नाही. पण दोन्ही बाजू एका गोष्टीबद्दल कमी बोलल्या, ती म्हणजे माहितीचा दर्जा. कोणत्या यंत्राला कोणत्या प्रकारचा गंज किंवा तडा होऊ शकतो, ही यादी हिशेबाच्या अगदी पहिल्या पायरीवर करावी लागते. त्या यादीतून एखादा प्रकार सुटला, तर पुढचे सॉफ्टवेअर कितीही भारी असले तरी त्याला तो दिसत नाही.

हे नीट समजायचे तर उच्च तापमानातल्या हायड्रोजनचे उदाहरण घ्यावे. तापमान आणि दाब पुरेसे असले की हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्यातल्या कार्बनशी संयोग पावून मिथेन तयार होतो. मिथेनचा रेणू मोठा, तो बाहेर पडू शकत नाही. धातूच्या कणांच्या सीमांवर तो दाब निर्माण करतो, सूक्ष्म भेगा पडतात आणि त्या एकमेकींना मिळत जातात. भिंतीची जाडी मात्र तेवढीच राहते. जाडी मोजणारा गेज सगळे ठीक असल्याचे सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमोनियाच्या प्रायोगिक रिॲक्टरच्या पोलादी नळ्या सुमारे ८० तासांत फुटल्या, तेव्हापासून ही व्याधी माहीत आहे.

१९४९ मध्ये नेल्सन या अभियंत्याने प्लँटांतले अनुभव गोळा करून आलेख काढला. एका अक्षावर हायड्रोजनचा आंशिक दाब, दुसऱ्यावर तापमान आणि प्रत्येक जातीच्या पोलादासाठी एक रेषा. रेषेच्या खाली चालवा, काही होणार नाही. इन्स्पेक्शनवाल्यांच्या तोंडी ती ‘नेल्सन कर्व्ह’ झाली. पुढे डिझाइनपासून जोखमीच्या हिशेबापर्यंत सगळीकडे तीच चाळणी म्हणून वापरली गेली. आजवर कुठे फुटले आणि कुठे फुटले नाही, याची ती नोंद होती. भौतिकशास्त्राच्या सूत्रातून निघालेली सीमारेषा नव्हती. त्यामुळे नवा बिघाड कळला की रेषा खाली सरकवावी लागे. अर्धा टक्का मॉलिब्डेनमच्या पोलादाची रेषा सत्तरच्या दशकात खाली आणली आणि १९९० मध्ये आलेखातून काढूनच टाकली. ते पोलाद भरवशाचे समजून जगभर वापरले गेले होते. तेव्हाच कार्बन स्टीलच्या (साध्या पोलादाच्या) रेषेकडेही संशयाने बघायला हवे होते, असे आज म्हणणे सोपे आहे. पण तेव्हा तसे म्हणायला आधार अगदीच नव्हता असेही नाही.

२ एप्रिल २०१० च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ॲनाकॉर्टिस इथल्या रिफायनरीत कार्बन स्टीलचा एक हीट एक्स्चेंजर (एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारे यंत्र) फुटला. तो १९७२ पासून तिथे होता. एक्स्चेंजरच्या दोन समांतर रांगांपैकी एक साफ करून परत चालू करत होते. फुटला तो दुसऱ्या, चालू रांगेतला मधला एक्स्चेंजर. अशा वेळी जोडांतून गळती होऊन आग लागणे तिथे नेहमीचेच होते, म्हणून जास्तीची माणसे स्टीमचे पाइप घेऊन जवळ उभी होती. सात जण मेले.

चौकशीत निघाले, की त्या एक्स्चेंजरची या व्याधीसाठी तपासणीच झाली नव्हती. कागदावर तो रेषेच्या खाली होता. मधल्या एक्स्चेंजरवर तापमान मोजायची सोय नव्हती, म्हणून प्रत्यक्ष मापाऐवजी डिझाइनचे आकडे धरले गेले होते. पण चौकशीकर्त्यांनी स्वतः मॉडेल करून काढलेले आकडेही दिलासा देणारे नव्हते. जिथे पोलाद फुटले, तिथले तापमान काही ठिकाणी रेषेच्या सुमारे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत खाली असावे, असे त्यांतून निघाले. म्हणजे माप घेतले असते तरी चाळणीने हा एक्स्चेंजर ‘सुरक्षित’ म्हणूनच सोडला असता.

इथून पुढचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. चौकशी करणाऱ्यांची शिफारस टोकाची होती: साधारण २०४ अंश सेल्सिअस आणि साडेतीन बार हायड्रोजन दाबाच्या वर कार्बन स्टील वापरूच नका, रेषा विसरा. उद्योगाचे म्हणणे, दोष सगळ्या कार्बन स्टीलचा नाही; फुटलेल्या एक्स्चेंजरच्या वेल्डना नंतरची उष्णता-प्रक्रिया दिलेली नव्हती, तिथे ताण उरला होता. २०१६ मध्ये तडजोड आली. अशा वेल्डसाठी जुन्या रेषेच्या सुमारे २८ अंश खाली एक वेगळी रेषा काढली गेली. २८ आणि ६५ हे आकडे शेजारी ठेवले की चौकशीकर्ते का समाधानी झाले नाहीत ते कळते, आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलेही. उद्योगाच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की ६५ हा मॉडेलचा आकडा आहे, गेजवर वाचलेला नाही. पण माप नसताना शंकेचा फायदा पोलादाला द्यायचा की त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला, हा प्रश्न उरतोच, आणि तडजोडीत तो पोलादाला मिळाला असे मला वाटते.

सुस्थिती म्हणजे फक्त भिंतींची, असा समज इथे होऊ नये. २००५ मध्ये टेक्सस सिटीत टॉवर काठोकाठ भरत असताना लेव्हल ट्रान्समीटर पातळी उतरत असल्याचे दाखवत होता आणि वरचा अलार्म वाजलाच नाही. १५ जण मेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या बन्सफील्डला पेट्रोलची टाकी ओसंडली. पातळीचा गेज अडकला होता. त्यावरचा शेवटचा उपाय असलेला स्वतंत्र स्विचही चालला नाही, कारण त्याची टेस्ट लिव्हर जागेवर धरून ठेवणारे कुलूप लावलेलेच नव्हते. ते कुलूप छेडछाड रोखण्यासाठी असावे असा समज होता.

पाइपकडे परत येऊ. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंडला गरम तेलाची लाइन फुटली. १९ कामगार वाफेच्या ढगातून कसेबसे निसटले आणि धुरामुळे आसपासचे सुमारे १५,००० लोक डॉक्टरांकडे गेले. कारण गंधकाचा गंज, आणि तो वाढला पोलादातले सिलिकॉन कमी असल्यामुळे. जुन्या कार्बन स्टीलच्या पाइपांत सिलिकॉन किती असावे याची किमान अट नव्हती. एकाच लाइनमध्ये एक तुकडा चांगला आणि शेजारचा कितीतरी पट वेगाने झिजणारा, असे त्यामुळे होऊ शकत होते. जाडी मोजायचे बिंदू होते, वर्षानुवर्षे नेमाने मोजलेही जात होते, पण फुटलेल्या सुमारे १.३ मीटरच्या सरळ तुकड्यावर एकही बिंदू नव्हता.

या अनुभवांनंतर मुदतीच्या वादाची दिशा थोडी बदलली. २०१४ मध्ये आलेल्या एका मार्गदर्शिकेने ऑपरेटर आणि इन्स्पेक्टर यांना एका कागदावर आणले: तापमान, आम्लता, क्लोराइड अशा गोष्टींच्या मर्यादा आधी ठरवायच्या आणि त्या ओलांडल्या की तपासणीची योजना पुन्हा उघडायची. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाने रिफायनऱ्यांना प्रत्येक प्रक्रियेतल्या झिजेच्या प्रकारांचा वेगळा आढावा सक्तीचा केला. ज्या यादीची मी वर तक्रार केली, तीच आता कायद्याने मागितली जाते.

तरीही २१ जून २०१९ ला फिलाडेल्फियाच्या रिफायनरीत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेल्या युनिटमधला एक एल्बो (पाइपचा वळणाचा तुकडा) फुटला. १९७३ च्या आसपास बसवलेला तो एल्बो निकेल आणि तांबे जास्त असलेल्या पोलादाचा होता, आणि असे पोलाद या ॲसिडमध्ये लवकर झिजते. ४.६ मिलिमीटरला तो बदलायला हवा होता. फुटला तेव्हा सुमारे ०.३ मिलिमीटर उरला होता. शेजारच्या पाइपची जाडी मोजली जात होती, एल्बोची नाही. स्फोटात एका व्हेसलचा सुमारे १७ टनांचा तुकडा नदीपलीकडे जाऊन पडला. रिफायनरी पुन्हा सुरू झाली नाही.

त्यानंतर २०२१ मध्ये सुधारलेल्या उद्योग-मार्गदर्शिकेने या ॲसिडच्या युनिटांत गंजाच्या ठरवलेल्या क्षेत्रांतला कार्बन स्टीलचा प्रत्येक भाग, नमुन्यादाखल नव्हे तर एकूण एक, तपासायला सांगितले. १९९३ मध्ये सुरू झालेला प्रवास निवडक तपासणीच्या दिशेने होता. निदान या एका प्रकारच्या युनिटांत तो उलटा फिरला. गरम गंधकयुक्त तेलाच्या, हायड्रोजनच्या किंवा इन्सुलेशनखाली गंजणाऱ्या लाइनींना तोच न्याय लावायचा झाला, तर किती किलोमीटर पाइप उघडा करावा लागेल, या हिशेबावर सध्या गाडी अडलेली आहे.