बारावीचं मानसशास्त्र आणि ‘विकृती’ हा शब्द : पार्श्वभूमी

मानसशास्त्र घेतलेली मुलं बारावीत अडखळतात ती सिद्धान्तांपेक्षा एका शब्दापाशी जास्त. तो शब्द म्हणजे ‘विकृती’. बोलण्यात ‘विकृत’ ही जवळजवळ शिवी आहे, आणि वर्गात मात्र बंद खोलीची भीती वाटणाऱ्या साध्या माणसालाही ‘चिंता विकृती’ चिकटते.

मुळात शब्दात शिवी नव्हती. आयुर्वेदात प्रकृती म्हणजे मूळची घडण आणि तिच्यात झालेला बिघाड ती विकृती. हाच अर्थ धरून मराठी परिभाषेत न्यूरोसिसला (वास्तवाचं भान असूनही छळणारी चिंता, भीती) ‘मज्जाविकृती’ आणि सायकोसिसला (वास्तवाचं भान सुटणं) ‘चित्तविकृती’ म्हटलं गेलं. यातला पहिला शब्द जास्त फसवा. वाचणाऱ्याला तो मज्जातंतूंचा रोग वाटतो. प्रत्यक्षात मज्जातंतूंत दोष सापडत नसताना होणारा त्रासच त्या नावाखाली येई. 1980 मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणाच्या (डीएसएम) तिसऱ्या आवृत्तीने न्यूरोसिस हा गटच मोडला. मराठीत ‘विकृती’ मात्र राहिली, आता डिसऑर्डरचा प्रतिशब्द म्हणून. कायद्याची भाषा या काळात बदलत गेली: 1912 च्या कायद्याच्या नावातच वेडेपणा होता, 1987 च्या कायद्याने मानसिक आरोग्य म्हटलं आणि 2017 च्या कायद्याने मानसिक आजार असलेल्या माणसाच्या हक्कांची भाषा आणली. वर्गातही ‘विकार’ किंवा ‘आजार’ वापरायला हवा. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःची घालमेल ‘विकृती’ या नावाने सांगता येत नाही.

कोकणात हे आणखी अवघड होतं, कारण घरात तिसरीच भाषा चालते: ‘बाधा झाली’, ‘बाहेरचं आहे’, ‘देवचार लागला’. आधी कौल, मग गाऱ्हाणं, आणि त्यानंतर कधीतरी डॉक्टर. रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकापासून मनोरुग्णालय आहे, तरी हा क्रम सहसा बदलत नाही.

विषयाची चौकट तुलनेने नवी. राज्यात बारावीची परीक्षा 1970 च्या दशकात सुरू झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं स्वतंत्र विभागीय मंडळ 2012 पासूनचं. त्याआधी हे जिल्हे कोल्हापूरला जोडलेले होते. आजचा अभ्यासक्रम अकरावीला 2019 मध्ये आणि बारावीला 2020 मध्ये आला: लेखी 80 गुण, प्रकल्प 20.

बुद्धिमापनाची मराठी वाट धारवाडहून येते. तिथे 1930 च्या दशकात बिने कसोटीचं कानडी आणि मराठी रूपांतर झालं. मानसिक वय (बुद्धी ज्या वयाच्या सरासरी मुलाइतकी, ते वय) भागिले शारीरिक वय, गुणिले 100, हे बुद्धिगुणांकाचं सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं ते महिन्यांमुळे. मानसिक वय 10 वर्षे 2 महिने आणि शारीरिक वय 8 वर्षे 10 महिने असेल, तर 122 भागिले 106, म्हणजे 115. वर्ष-महिने दशांशात 10.2 आणि 8.10 असे लिहिले की उत्तर 126 येतं. आधी सगळ्याचे महिने करावेत. आजच्या कसोट्या हा भागाकार करतच नाहीत. त्या समवयस्कांची सरासरी 100 धरून गुण देतात.

प्रकल्पात घोळ होतो तो गोपनीयतेत. वाडीतल्या दहा जणांकडून प्रश्नावली भरून घेतली, नावं गाळली, पण वय, आडनाव आणि वाडी तशीच ठेवली, तर गावातला कोणीही माणूस ओळखतो. प्रत्येकाला क्रमांक द्यावा, वयाऐवजी वयोगट लिहावा आणि वाडीचं नाव वहीत कुठेच येऊ देऊ नये.