वाटून घेतलेला डेटा आणि जागचा न हलणारा डेटा

गोव्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट अहवालांवर हल्ली ‘फेडरेटेड लर्निंग’ हे शब्द हटकून दिसतात. म्हणजे डेटा ज्याच्या त्याच्याकडेच ठेवून, सगळ्यांनी मिळून एक मॉडेल (डेटावरून शिकणारा प्रोग्राम) शिकवायचं. आत मात्र बहुतेक वेळा एकच गोष्ट असते. हाताने लिहिलेल्या आकड्यांचा एमनिस्ट हा डेटासेट घ्यायचा, शिकवण्यासाठीच्या ६०,००० चित्रांचे दहा सारखे वाटे करायचे, एकाच लॅपटॉपवर आपापल्या वाट्यावर शिकणारे दहा ‘क्लायंट’ चालवायचे आणि शेवटी त्यांच्या मॉडेलांतल्या आकड्यांची सरासरी काढायची. कोड चालतो, अचूकताही छान येते. येणारच. फेडरेटेड पद्धत ज्या अडचणीसाठी जन्माला आली, ती अडचण, म्हणजे प्रत्येकाकडचा वेगळा आणि हलवता न येणारा डेटा, इथे वाटे करतानाच काढून टाकलेली असते. उरतं ते डिस्ट्रिब्युटेड ट्रेनिंगचं, म्हणजे एकाच मालकाचं काम अनेक यंत्रांत वाटून देण्याचं, घरगुती रूप.

दोन्हींत अनेक यंत्रं मिळून एक मॉडेल शिकवतात, त्यामुळे गल्लत होते. पण डेटा कोणाचा आणि तो हलवायची मुभा कोणाला, एवढं विचारलं की वाटा वेगळ्या होतात.

डिस्ट्रिब्युटेड ट्रेनिंगमध्ये मालक एकच असतो. डेटा त्याचा, यंत्रंही त्याची, किंवा भाड्याने घेतलेली. त्याची अडचण वेळेची असते, नाहीतर मेमरीची. २०१२ साली अ‍ॅलेक्सनेट हे मॉडेल ३ जीबीच्या एका ग्राफिक्स कार्डात मावेना, म्हणून ते दोन कार्डांवर विभागलं गेलं. २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी २५६ जीपीयू (ग्राफिक्स कार्डांवरच्या चिप) जोडून इमेजनेट या चित्रसंग्रहातल्या सुमारे १२.८ लाख चित्रांवर रेसनेट-५० हे मॉडेल एका तासात शिकवून दाखवलं. बोर्डाच्या पेपरांचे गठ्ठे परीक्षकांत वाटावेत, तसा हा प्रकार: गठ्ठा कोणाकडेही गेला तरी चालतं, आणि हवं तर सगळे पेपर पुन्हा एकत्र करून, पिसून नव्याने वाटता येतात. हे पिसणं फार मोलाचं आहे. त्यामुळे प्रत्येक यंत्रासमोर साधारण सारखाच नमुना येतो, आणि प्रत्येक पावलाला ग्रेडियंटची (मॉडेलमधले आकडे कुठे, किती बदलायचे त्याच्या हिशेबाची) देवाणघेवाण झाली की सगळी यंत्रं बरोबरीने पुढे सरकतात. त्यासाठी ती एकाच डेटा सेंटरमध्ये वेगवान केबलींनी जोडलेली असावी लागतात.

फेडरेटेडमध्ये पिसायची सोयच नाही. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ही पद्धत मांडली आणि २०१७ मध्ये जीबोर्ड या कीबोर्डवर तिची चाचणी सुरू केली. मॉडेल फोनवर येतं, तिथल्या टायपिंगवरून शिकतं आणि फक्त बदललेले आकडे सर्व्हरकडे परत जातात. सर्व्हर अनेक फोनांच्या आकड्यांची सरासरी काढतो आणि नवं मॉडेल पुन्हा पाठवतो. ही झाली एक फेरी.

आता फोंड्यातल्या एकाच वाड्यावरचे फोन डोळ्यांसमोर आणा. एकजण देवनागरीत मराठी लिहितो. शेजारची मुलगी रोमी लिपीत कोकणी लिहिते, तिचा भाऊ इंग्रजी आणि हिंदी मिसळतो, आणि आजोबा दिवसाला दोन शब्द टाइप करतात, तेही चवथीच्या शुभेच्छांचे. कोणाचाच डेटा दुसऱ्यासारखा नाही, आणि प्रमाणही सारखं नाही. प्रत्येक फोन मॉडेलला आपल्या बाजूला ओढतो. फार वेळ एकट्याने शिकू दिलं, तर सरासरीतून येणारं मॉडेल कोणाच्याच कामाचं नसतं. त्यात फोन चार्जिंगला, वायफायवर आणि रिकामा असेल तेव्हाच शिकतो. पावसात सत्तरी तालुक्यात वीज गेली, की तो फेरीतून बाद. सतत देवाणघेवाण परवडणारी नसते, म्हणून प्रत्येक फोन एका फेरीत बरंच शिकून घेतो. मूळ प्रयोगांत यामुळे फेऱ्यांची संख्या दहा ते शंभर पटींनी घटली होती. मला तरी या क्षेत्रातलं खरं संशोधन या ओढाताणीतच दिसतं.

इस्पितळांकडे पाहिलं तर निवड आणखी स्पष्ट होते. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि मडगाव, म्हापशाची जिल्हा इस्पितळं सगळी राज्य सरकारचीच. छातीच्या एक्स-रेवर मॉडेल शिकवायचं असेल आणि परवानग्या मिळत असतील, तर चित्रं एका सुरक्षित सर्व्हरवर आणून सरळ शिकवावं. तिथे फेडरेटेडचा घाट घालणं म्हणजे उगाच गुंतागुंत. पण सावंतवाडी-दोडामार्गकडचे रुग्णही बांबोळीला येतात. सिंधुदुर्गातल्या इस्पितळांनाही या मॉडेलमध्ये घ्यायचं ठरलं, तर राज्य बदललं, खातं बदललं, एक्स-रेची यंत्रंही बदलली. चित्रं सीमेपलीकडे न्यायची तर फायली किती टेबलांवरून फिरतील, हे सांगायला नको. इथे फेडरेटेडचा खटाटोप सार्थकी लागेल. जगात असं झालेलं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगावरच्या अभ्यासात सहा खंडांतली ७१ केंद्रं सामील होती. ६,३१४ रुग्णांच्या स्कॅनवरून मॉडेल शिकलं आणि स्कॅन आपापल्या जागीच राहिले.

‘डेटा फोनबाहेर जात नाही, म्हणजे गुपित सुरक्षित’, हे अहवालांतलं आणखी एक लाडकं वाक्य. ते अर्धंच खरं आहे. बाहेर जाणाऱ्या आकड्यांतूनही मूळ चित्र जवळजवळ जसंच्या तसं परत बांधता येतं, हे एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. म्हणून वर आणखी कुलुपं लागतात. सिक्युअर अ‍ॅग्रिगेशनमध्ये सर्व्हरला फक्त सगळ्यांची बेरीज दिसते, एकट्याचे आकडे दिसत नाहीत. डिफरन्शियल प्रायव्हसीमध्ये आकड्यांत मोजूनमापून गोंगाट, म्हणजे मुद्दाम केलेले छोटे फेरफार, मिसळतात, आणि त्याची किंमत थोड्या अचूकतेने मोजावी लागते. ही कुलुपं वेगळी बसवावी लागतात. फेडरेटेड म्हटल्यावर ती आपोआप येत नाहीत.

एकाच लॅपटॉपवर प्रयोग करण्यात मात्र काही गैर नाही, संशोधकही आधी तेच करतात. वाटे कसे पाडले ते महत्त्वाचं. एमनिस्टचे दहा सारखे ढीग करण्याऐवजी फेमनिस्ट हा डेटासेट घ्या. त्यात ६२ प्रकारची अक्षरं आणि आकडे आहेत, आणि डेटा लिहिणाऱ्या माणसांप्रमाणे वेगळा ठेवलेला आहे. एक माणूस म्हणजे एक क्लायंट. मग दर फेरीला काही क्लायंट मुद्दाम गळू द्या, आणि अहवालात सरासरी अचूकतेशेजारी सगळ्यांत मागे पडलेल्या क्लायंटची अचूकताही छापा.